मूठभर कोंडा

१

लातूरचा जिल्हा होऊन चार-दोन वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरीच्या पाटीचा रंग ताजा होता, आतल्या कपाटांवर मात्र अजून उस्मानाबादच लिहिलेलं. गावात रोज काहीतरी नवं निघायचं. नवी कोर्टं, नवी ऑफिसं, नवी कॉलेजं. फक्त पाणी तेवढं निघत नव्हतं. बोअर मारला की धुरळा यायचा, आणि टँकर आला की भल्या घरच्या बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर जायच्या.

असल्याच एका नव्या कॉलेजात सिंधु नोकरीला होती. औसा रोडवर एक बंद पडलेली दालमिल होती, तिच्या गोदामात हे औषधांचं कॉलेज भरायचं. मागच्या अंगाला, जिथं पूर्वी तुरीची पोती रचायचे, तिथं उंदरांची खोली होती. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगाचे उंदीर. पोरांना सुई टोचायला शिकवायचं तर उंदीर लागतात, आणि दर खेपेला हैदराबादहून कोण आणणार? म्हणून त्यांची पैदास इथंच करायची, आणि ती करून दाखवायची सिंधुनं. ती लोहा गावच्या एका मास्तरांची मुलगी, नांदेडला राहून प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली.

सकाळी कुलूप काढलं की वास अंगावर यायचा. मुताचा उग्र वास, डोळ्यांत झोंबणारा, घशाखाली उतरून तिथंच बसणारा. पिंजरे धुवायला पाणी नव्हतं. धर्माबादच्या राईस मिलमधून साळीच्या कोंड्याची पोती यायची, तो कोंडा उंदरांखाली अंथरायचा, भिजला की खरवडून मागच्या उकिरड्यावर टाकायचा आणि नवा पसरायचा, एवढीच काय ती सफाई. सिंधुला तिसरा महिना लागला होता. पदर नाकात कोंबून ती आत जायची आणि अर्ध्या वेळा भिंतीशी वाकून ओकायची.

वासाचं एक वेळ चालवून घेतलं असतं हो, पण माद्या व्यायच्या आणि पिल्लं खाऊन टाकायच्या. बरं, खाऊन सगळं संपवलं तरी बरं. तसं नाही. कुठं डोकं शिल्लक, कुठं मागचे दोन पाय, कुठं नुसती शेपटी, आणि आई बाजूला बसून पुढच्या पायांनी मिशा साफ करतेय. सिंधुनं ते चिमट्यानं उचलून कागदात गुंडाळायचं. घरी गेल्यावर ताटातल्या भाताकडंही तिच्यानं बघवत नसे.

त्यात तिचं स्वतःचं असं की आधी दोनदा कूस रिकामी झालेली. एकदा पाचव्या महिन्यात. दुसऱ्यांदा मूल जन्मलं, रडलं, आणि नाव ठेवायच्या आत गेलं. हे तिसरं. हे तरी हाताला लागू दे, याशिवाय तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. आणि रोज सकाळी तिनं काय बघायचं, तर आयांनी खाल्लेली पोरं!

"नोकरी सोड," नवरा म्हणायचा. नरसिंग एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, सरळ माणूस. "मरू दे ते उंदीर."

"कॉलेज तपासायला कमिटी येऊन गेली की पर्मनंट करतो म्हणालेत सर. तेवढं होऊ द्या की," ती म्हणायची. "उंदरांनी काय होतंय मला?"

२

प्रिन्सिपल पंचाक्षरी सर रुमाल नाकाला लावूनच दारात उभे राहायचे. आत पाऊल म्हणून टाकलं नाही त्यांनी कधी.

"सिंधुताई, कमिटीला काय दाखवू? शेपट्या?"

तिनं पुस्तकात होतं तेवढं सगळं करून बघितलं. पिंजऱ्यात कापूस दिला, घरटं करायला. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. करडईचे दाणे दिले, व्यालेल्या मादीला स्निग्ध लागतं म्हणून. पिल्लांना आपला वास लागला की आई त्यांना परकी समजते, म्हणून हात घालायच्या आधी त्याच पिंजऱ्यातला ओला कोंडा दोन्ही हातांना चोळायला ती शिकली. मुतानं भिजलेला तो कोंडा तळव्यांवर चोळताना तिच्या अंगावर शहारे यायचे. तरी सकाळी चिमटा हातात घ्यावाच लागायचा.

खोलीतल्या वरकामाला नागुबाई होती. पन्नाशीची, तोंडात कायम तंबाखू, जीभ सैल. एके दिवशी कागदाचं पुडकं उकिरड्यावर टाकून येताना ती म्हणाली, "बाई, असं न्हाई थांबायचं हे. इकत घ्यावी लागत्यात."

"काय विकत घ्यायचं?"

"पिल्लं. ज्या बाईची लेकरं टिकंनात तिचं लेकरू उकिरड्यावर ठिवत्यात, मूठभर कोंड्यानं दुसरीनं इकत घ्यायचं. मग त्ये तिचं न्हाईच म्हणल्यावर त्याला काय व्हतंय? माझा कोंडिबा कसा जगला म्हंता? तीन गेली, चवथा इकला. आता पुण्याला कंपनीत हाय."

सिंधु हसली. तिच्या आजोबांनी छप्पनच्या धर्मांतरात घरातले देव टोपल्यात भरून नदीला सोडले होते. तेव्हापासून त्या घरात ना नवस, ना अंगारा, ना धुपारा. असल्या गोष्टींना ती हसणारच.

पण हसता हसता तिचं डोकं चालायला लागलं. उकिरड्यावर सगळ्या पिंजऱ्यांचा कोंडा एकत्र पडलेला. पिल्लं तिथं लोळवून परत ठेवली तर सगळ्यांना एकच वास लागेल. आईला कळणारच नाही कुठलं कुणाचं. एकीचं पिल्लू दुसरीला लावायचं तर असंच करतात, पुस्तकात आहे की हे! रीत म्हणून नाही, प्रयोग म्हणून करून बघू, असं तिनं स्वतःला बजावलं. शिकलेल्या माणसाला चुकायला असं एक कारण लागतंच.

"मग घे तू विकत," ती म्हणाली.

"मी कशाला? घेणारीची कूस भरल्याली आसंल तर बरं. तुमीच घ्या."

ऊन चढलं होतं. ताजी व्यालेली एक मादी होती, तिची पिल्लं सिंधुनं ओंजळीत घेतली. उघडी, गुलाबी, कातडीतून आतलं सगळं दिसणारी, आणि हातात वळवळणारी. उकिरड्यावर त्यांना ठेवलं, पुन्हा उचललं, आत आणलं आणि पोत्यातला मूठभर कोंडा त्या मादीच्या पुढ्यात ओतला.

"म्हणा," नागुबाई म्हणाली, "ही आता तुझी न्हाईत, माझी हायेत."

"मावशी, हे कशाला?"

"म्हणा वो. बोलल्याबिगर सौदा व्हत न्हाई."

सिंधु म्हणाली. अर्धं हसत, पण म्हणाली.

मादीनं कोंडा हुंगला. मग सिंधुकडं एकवार बघितलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

३

त्या पिंजऱ्यातली पिल्लं जगली, सगळीच्या सगळी. मग दुसऱ्या पिंजऱ्यात तसंच केलं, तिसऱ्यात केलं. थोड्या आठवड्यांत खोली भरली. पंचाक्षरी सर रुमालाआडून हसले, कमिटी आली, बघून गेली, सिंधुला पर्मनंटचा कागद मिळाला. पोटातलं मूलही हालायला लागलं होतं. नरसिंगनं डेपोत पेढे वाटले.

खरं तर सिंधुनं खुशीत असायला हवं होतं. पण ती दार उघडून आत गेली की खोली गप्प व्हायची. बाहेरून ऐकू येणारी चूंचूं एकदम थांबायची. पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली, तोंडं वर करून तिच्या बाजूला वळायची. ती टेबलापासून खिडकीपर्यंत गेली की ती तोंडंही तिकडं वळायची. उष्णता कळत असेल, ती स्वतःला सांगायची, उन्हात तापलेलं अंग कळणारच.

आणि आया? आया सगळ्या भिंतीकडं तोंड करून. पिल्लांना पाजताना तिला एकही दिसली नाही. तिनं एका मादीला उलटी धरून बघितलं, तर आचळं सुकलेली, खपली धरलेली. तरी पिल्लं टम्म. त्यांच्या पातळ कातडीखाली पोटात दूध दिसत होतं, पांढरं, भरपूर. कुणी पाजलं? नागुबाईला विचारलं तर ती म्हणाली, "खायाला घालायलात न्हवं तुमी? मग!"

पुढं तर वासच जायला लागला. म्हणजे तो होता तसाच होता, नागुबाई सुद्धा "थू" म्हणून बाहेर पळायची, पण सिंधुला काही वाटेना. पदर नाकाला लावायचा ती विसरायला लागली. आता तिला किळस यायची ती घरी. नरसिंगच्या अंगाला डिझेलचा वास, सासूच्या डोक्याला तेलाचा, तव्यावरच्या भाकरीचा, साबणाचा, माणसांचा. माणसांना इतका वास असतो हे तिला आधी कधी कळलंच नव्हतं.

"डोहाळे असत्यात एकेकीचे," भामाबाई, तिची सासू, समजुतीनं म्हणायची. "मला राखुंडी खाऊशी वाटायची."

वैशाखाची दुपार होती, सिंधुला नववा लागला होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं, पत्रा तापून तडतडत होता. सिंधु खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ब्लाऊज भिजून अंगाला चिकटला होता. घाम असेल, ती म्हणाली. मग आत टोचायला लागलं म्हणून बोटं घातली तर हाताला कोंडा लागला. ओला, दोन्हीकडं, कातडीला चिकटलेला. आणि बारीक ओरखडे.

पोतं ओततानाचा उडाला असेल, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, खोलीत दुसरं कुणी नसताना. पिंजऱ्यांची झाकणं तिनं तपासली. सगळी लागलेली होती. एक नव्हतं, पण ते नागुबाईनं विसरलं असणार. पिल्लं मिशा साफ करत होती.

ती बाहेर पळाली आणि तिथंच सुट्टीचा अर्ज लिहून दिला. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, मूल हातात येईपर्यंत तर नाहीच, असं तिनं ठरवलं.

४

मुलगी झाली. वजनदार, काळ्याभोर जावळाची, रडली तर शेजारपाजारी ऐकू जाईल अशी. नरसिंग दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. भामाबाईनं टँकरच्या पाण्यातली एक घागर नातीच्या अंघोळीला वेगळी राखली, त्या दिवसांत याहून मोठे लाड नव्हते.

सिंधुला मात्र दूध उतरेना. शेपूची भाजी झाली, खसखशीची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले. छाती कोरडी ठणठणीत. पोर तोंड लावायची, ओढायची, आणि चिडून किंचाळायची. शेवटी बाटली आणली.

"उतरंल गं," भामाबाई म्हणायची. "उनाळ्यानं आटलं असंल."

पण सिंधु कुणाला काय सांगणार? पोर कुशीत घेतली की तिला वास यायचा. तेलाचा, साबणाचा, दवाखान्याचा, शेजारणींच्या हातांचा. खाली कुठंतरी आपला वास असेल म्हणून ती पोरीच्या टाळूला, मानेला, काखेत नाक लावून हुंगायची. नव्हता. पोर कुणाचीतरी होती. तिची नव्हती.

वेडी झालीस का, ती स्वतःला रागवायची. नऊ महिने पोटात वागवली, डोळ्यांदेखत बाहेर आली, दुसऱ्या कुणाची कशी असेल? प्राणिशास्त्र शिकलीस ना तू?

एका सकाळी भामाबाई टँकरला गेली होती. सिंधु पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर झोपलेली, एक हात पांघरुणाबाहेर. बोटं इवलीशी, गुलाबी, कातडीतून आतलं दिसावं अशी. सिंधु बघत राहिली. किती वेळ झाला कोण जाणे. तिचं तोंड ओलं झालं होतं, लाळ हनुवटीवरून ओघळून पोरीच्या दुपट्यावर पडत होती.

पोर किंचाळली तेव्हा ती भानावर आली. पोरीचं बोट तिच्या दातांत होतं.

ती पोरीला खाली ठेवून भिंतीपर्यंत मागं सरकली. भामाबाई घागर टाकून धावत आली. बोटावर लाल वळ उठला होता.

"मुंगळा चावला का काय गं लेकराला?"

सिंधुनं मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. तिचे दोन्ही हात तोंडाकडं गेले होते आणि तोंड पुसत होते. पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंनी, नाकापासून खाली. हे आपण कुठं बघितलंय ते तिला आठवलं, आणि तिला भडभडून ओकारी आली.

५

"नागुबाईला बोलवा," ती नरसिंगला म्हणाली. "म्हणावं कोंडा घेऊन ये."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ताडकन उठला. "तू? लोह्याच्या मास्तरची लेक तू, आन् पोरीला उकिरड्यावर ठेवणार?"

"पाया पडते तुमच्या," सिंधु म्हणाली. "दोन गेली आपली. हिला जगू द्यायचंय ना? मग विचारू नका. बोलवा."

नागुबाई आली. पदराच्या टोकात कोंडा बांधून आणला होता, कॉलेजच्या पोत्यातला. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, तुमी गेल्यापासून आक्रीत झालंय बगा. पिल्लं न्हाईत. आया हायेत, तोंड फिरवून बसल्यात तशाच, पर पिल्लं एकबी न्हाई."

"खाल्ली?"

"खाल्ली असती तर डोस्कं ऱ्हायलं असतं, शेपूट ऱ्हायलं असतं. कायबी न्हाई. पोत्याला तेवढं भोक पडलंय."

सिंधुनं पुढं विचारलं नाही. तिला घाई होती. भामाबाईनं रडत रडत पोरीला अंगणातल्या उकिरड्यावर टेकवली न टेकवली तोच उचलली. नागुबाईनं पदराची गाठ सोडली आणि सिंधुच्या ओटीत कोंडा ओतला.

"हे लेकरू आता तुझं न्हाई, माझं हाय," ती म्हणाली. मग रिवाजाप्रमाणं पोरीला सिंधुपुढं धरली. "घ्या. आता माझी म्हणून सांभाळा."

"नको." सिंधुनं हात पाठीमागं नेले. "माझ्याकडं नका देऊ. आत्याबाई, तुम्ही घ्या तिला. बाटलीवर वाढवा. मी मागितली तरी द्यायची नाही. रडले, पाया पडले, तरी द्यायची नाही. दार लावा बाहेरून."

"सिंधे, असं काय करायलीस?" नरसिंग पुढं आला.

"लावा म्हणते ना!"

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला. सिंधु ओटी सावरत कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

बाहेर पोर रडायला लागली. भुकेनं, टाहो फोडून. सिंधुनं कान देऊन ऐकलं. छातीला हात लावून बघितला. कोरडी. पोर रडत राहिली, भामाबाईचं "ओ ओ ओ" चालू राहिलं, आणि सिंधुला काहीसुद्धा वाटलं नाही. रस्त्यावर कुणाचंतरी मूल रडतंय, एवढंच. तिला हायसं वाटलं. वाचली पोर, ती म्हणाली. आता तिला कुणाचं भय नाही.

मग ओटीतला कोंडा हालला.

वारा नव्हता. ती श्वास धरून बसली. कोंडा एका जागी खचला, दुसऱ्या जागी वर आला, आणि त्यातून काहीतरी गुलाबी तिच्या बाजूला वळलं. चूं झालं, बारीक.

बाहेर तिची पोर अजून रडतच होती. आत सिंधुच्या दोन्ही स्तनांत कळ आली आणि ब्लाऊज भिजून दूध ओटीत टपकायला लागलं.